आजेसासऱ्यांचा वस्तरा



दशलक्षण पर्वाच्या आधीची झाडलोट तुमच्याकडेही झाली असेल. आमच्याकडे यंदा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. त्यात जुन्या कीर्दी, एक फुटका चष्मा, दोन टोप्या आणि अगदी तळाशी, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक वस्तरा निघाला. माझ्या आजेसासऱ्यांचा. मामंजी लहान असताना त्यांनी वडिलांना हा वापरताना पाहिला होता, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं. प्रत्यक्ष वस्तरा मात्र चाळीस वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

पातं तांबूस झालेलं, जागोजागी काळे डाग. मूठ मात्र सुरेख. जुन्या लोण्याच्या रंगाची, गुळगुळीत, आणि आतून बारीक रेघा. जाऊबाईंनी ती हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. म्हणाल्या, "हा हस्तिदंत आहे. पर्वात हे घरात नको." आमच्या यजमानांचं म्हणणं पडलं की आजोबांची वस्तू आहे, टाकायची कशी? पाणी गाळल्याशिवाय न पिणाऱ्या आणि सूर्यास्तानंतर ताटावर न बसणाऱ्या माणसाने हत्तीचा दात रोज सकाळी गालाजवळ धरला असेल का? हा प्रश्न दोघांनीही मोठ्याने विचारला नाही, पण मला तो दिवसभर पुरला. मग मी ठरवलं की आधी साफ तर करू. घाण निघाली की वस्तू स्वतःच काहीतरी सांगते.

पहिली चूक माझ्या हातून होता होता राहिली. आपण बायका देवघरातली पितळी भांडी चिंच, लिंबू किंवा पावडर लावून लख्ख करतो. मीही वाटीत चिंच भिजत घातली होती. पण पितळ वेगळं आणि पोलाद वेगळं. आंबट पदार्थाने पोलादावरचा गंज सुटतो हे खरं, पण त्याबरोबर चांगलं पोलादही खाल्लं जातं आणि पातं करडं, निस्तेज पडतं. म्हणून चिंच आमटीत गेली. पात्याला मी शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवलं. त्याआधी धारेवर कागदी चिकटपट्टीची घडी बसवली, कारण शंभर वर्षांनीसुद्धा वस्तऱ्याची धार बोट कापते. सकाळी मऊ सुती कापडाने पुसलं तर वरचा तांबडा गंज बराचसा निघाला. मग धातू उजळायची मलई अगदी थोडी, पाठीकडून धारेकडे, एकाच दिशेने. उलट दिशेने हात गेला तर चिकटपट्टी कापून धार बोटात शिरते. सॅंडपेपर लावायचा मोह आवरा. गंजाबरोबर कोरलेली अक्षरंही जातात, आणि वस्तऱ्याची जन्मपत्रिका त्या अक्षरांतच असते.

आमच्या वस्तऱ्याच्या पात्यामागच्या दांड्यावर कारखानदाराचं नाव झिजून गेलेलं होतं. पण खाली दोन शब्द भिंगातून स्वच्छ वाचता आले: शेफील्ड, इंग्लंड.

शेफील्ड हे इंग्लंडच्या उत्तर भागातलं गाव, सुऱ्या-कात्र्यांसाठी शेकडो वर्षं नावाजलेलं. १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने तिथे मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली. त्याला घड्याळाच्या कमानींसाठी सगळीकडून एकसारखं पोलाद हवं होतं. ते मिळालं आणि त्याचा मोठा फायदा वस्तऱ्यांना झाला, कारण वस्तऱ्याच्या धारेत कुठे एखादा कच्चा कण राहिला तर तो गालाला लगेच कळतो.

पण मुशीतलं पोलाद ही काही इंग्रजांची पहिली अक्कल नव्हे. आपल्या दख्खनमध्ये, कर्नाटकात, तामिळ मुलखात मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि लाकूडफाटा तापवून पोलाद करायची विद्या त्याच्या कितीतरी शतकं आधीची. कन्नडमध्ये पोलादाला 'उक्कु' म्हणतात, सीमाभागातल्या मैत्रिणींना हा शब्द ठाऊक असेल. त्याचंच इंग्रजांच्या तोंडी 'वुट्झ' झालं. १७९४ साली मुंबईतल्या हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरने या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. तिथे त्यांची तपासणी झाली, आणि जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या हत्यारवाल्याला ते इतकं आवडलं की तो त्याची नाजूक हत्यारं बनवू लागला. पुढे १८२०च्या सुमाराला याच स्टोडार्टने एका लोहाराच्या मुलाला हाताशी धरून, असं पोलाद आपल्याला करता येईल का, याचे प्रयोग केले. पोलादात चांदी, प्लॅटिनम असं काय काय थोडं थोडं मिसळून पाहिलं. तो लोहाराचा मुलगा म्हणजे मायकेल फॅरेडे, विजेच्या शोधांमुळे आपल्या मुलांच्या पुस्तकात भेटणारा. त्या प्रयोगांतून मोठा धंदा उभा राहिला नाही. फॅरेडेने आपल्या खास पोलादाचे वस्तरे मात्र मित्रांना भेट दिले. मला हे वाचून गंमत वाटली. आपल्याकडचं पोलाद मुंबईहून जहाजाने गेलं, आणि पुढच्या शतकात वस्तरे शेफील्डहून जहाजाने मुंबईत येऊ लागले.

आता 'इंग्लंड' या शब्दाकडे वळते. जुन्या वस्तऱ्यांवर बहुधा नुसतं गावाचं नाव असे. १८९० साली अमेरिकेने जकातीचा नवा कायदा केला आणि तिथे येणाऱ्या परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावलं. त्यानंतर शेफील्डवाले 'इंग्लंड' आणि जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारखानदार 'जर्मनी' असं नेमाने कोरू लागले. वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळे ठसे कोण ठेवणार? तोच माल आपल्याकडेही येई. म्हणजे आमचा वस्तरा बहुतेक १८९०च्या नंतरचा. हिशेबात आधी तारीख लागली की बाकीच्या नोंदी आपोआप जागेवर बसतात, तसंच झालं. कारण १८९० नंतरचा असेल, तर मूठ हस्तिदंताची असेलच असं नाही.

वस्तऱ्याच्या मुठी कशाकशाच्या असत ते सांगते, म्हणजे तुमच्या घरी असा एखादा निघाला तर उपयोगी पडेल. सगळ्यात जास्त शिंगाच्या. त्यातलं बरंचसं म्हशीचं शिंग हिंदुस्थानातून विलायतेला जाई. सुऱ्यांच्या मुठींना सांबराचं शिंग लागे, तेही इथूनच. सांबर दरवर्षी शिंगं टाकतो आणि ती जंगलात वेचून आणता येतात, हे खरं. पण पोत्यात भरलेलं शिंग वेचलेलं की मारलेल्या जनावराचं, हे पेढीवर बसून कसं कळणार? गरिबाच्या मुठी हाडाच्या. श्रीमंताच्या कासवाच्या पाठीच्या किंवा हस्तिदंताच्या. आणि हस्तिदंत म्हटलं की पुन्हा मुंबई आली. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतले हत्तीचे दात झांझिबार बेटावर जमत, तिथून बरेचसे मुंबईला येत आणि मुंबईहून पुष्कळ माल लंडनला रवाना होई. या व्यापारात कच्छी व्यापारी मोठे होते. राहिलेला माल इथेच खपे, आणि तो कशात खपे हे आपण बायकांनी विसरू नये. गुजरात-मारवाडकडे कितीतरी जातींत नवरीचा चुडा हस्तिदंताचा लागे. आजेसासऱ्यांना नावं ठेवायला मी निघाले होते, पण त्या चुड्यापुढे एका वस्तऱ्याच्या मुठीत हस्तिदंत तो किती जाणार!

आता पारख. हस्तिदंत आडवा कापला असेल त्या टोकाला भिंगातून पाहिलं की एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघा दिसतात, बारीक जाळीसारख्या. हाडात जाळी नसते, पण टाचणीच्या टोकाएवढे काळपट ठिपके किंवा चिरा असतात, कारण हाडातून रक्ताच्या सूक्ष्म नळ्या गेलेल्या असतात. आमच्या मुठीवर यातलं काहीच नव्हतं. होत्या त्या फक्त सरळ, एकमेकींना समांतर रेघा, फूटपट्टीने आखल्यासारख्या. निसर्ग इतका नीटनेटका नसतो. मी कोमट पाण्यात फडकं पिळून मुठीवर जोरात घासलं आणि नाकाशी नेलं. कापूर! मंद, पण नक्की कापूर. जाऊबाईंना वास घ्यायला लावला. त्यांनी दोनदा घेतला.

ती मूठ सेल्युलॉइडची निघाली. अमेरिकेत बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत, आणि हत्ती कमी पडू लागले तसे ते महाग झाले. चेंडूवाल्यांनी दुसरा पदार्थ शोधणाऱ्याला दहा हजार डॉलर देऊ केले. जॉन वेस्ली हायट नावाच्या माणसाने १८७०च्या सुमाराला कापसापासून केलेल्या रासायनिक पदार्थात कापूर मिसळून हे सेल्युलॉइड केलं. त्यावरून पुढे कंगवे, चष्म्याच्या चौकटी, बाहुल्या, सिनेमाच्या फिती आणि वस्तऱ्याच्या मुठी झाल्या. हस्तिदंताची नक्कल करायला त्यात मुद्दाम त्या सरळ रेघा घालत. मूळ प्रेरणा दयेची नव्हती, पैशाची होती. तरी कापूस आणि कापूर यांची वस्तू एका जैन घरात आली याचं मला बरं वाटलं. आजेसासऱ्यांनी मुद्दाम विचारून घेतली, की स्वस्त म्हणून घेतली, हे कीर्दीत लिहिलेलं नाही. मी पाहिलं.

एक धोक्याची सूचना. पारख करायला मुठीला तापलेली सुई लावा, असं कुणीतरी सांगेल. अजिबात करू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं. आणि मूठ खरंच हस्तिदंताची निघाली तर ती विकायला जाऊ नका. वन्यजीव कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाल्यापासून हस्तिदंताची विक्री आपल्याकडे बंद आहे, वस्तू कितीही जुनी असो. वनखात्याकडे रीतसर विचारणा करावी.

मुठीचा उलगडा झाल्यावर मी निर्धास्त झाले होते. पण पात्याविषयी वाचताना जे कळलं त्याने पुन्हा झोप उडाली. वस्तऱ्याचं पातं पाठीशी जाड आणि धारेशी कागदासारखं पातळ, दोन्ही बाजूंनी आत खोल घासलेलं असतं. ते दगडाच्या फिरत्या चाकावर घासत. ओल्या चाकावर काम करणाऱ्याचा त्रास थोडा कमी, पण काही काम कोरड्या चाकावर होई आणि दगडाची व पोलादाची धूळ सरळ छातीत जाई. शेफील्डमध्ये त्या आजाराला घासणाऱ्यांचा दमा म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या डॉक्टर नाइट यांनी लिहून ठेवलंय, की कोरड्या चाकावरच्या कामगाराचं आयुष्य सरासरी जेमतेम पस्तीस वर्षं आणि ओल्या चाकावरच्याचं क्वचितच पंचेचाळिशीच्या पुढे. धूळ ओढून घेणारे पंखे निघाले, तर काही कामगारांनीच ते नको म्हटलं. माणसं जास्त जगली तर कामाला हात जास्त होतील आणि मजुरी पडेल, ही भीती. हे वाक्य मी तीनदा वाचलं. आठवडाभर मी हत्ती शोधत होते मुठीत, आणि माणसं होती पात्यात.

जाऊबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग आपण वापरतो त्या कुठल्या वस्तूत नसतात?" मला उत्तर देता आलं नाही.

आपल्याकडे वस्तरा मुळात पुरुषांच्या घरात नसेच, तो न्हाव्याच्या धोकटीत असे. न्हावी हा बलुतेदार. ठरल्या दिवशी घरी यायचा, ओटीवर बसून सगळ्यांची दाढी-डोई करायचा आणि सुगीला धान्य न्यायचा. स्वतःची दाढी स्वतः करणं हे विलायतेचं वारं. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की इंग्लंडला जाणारे सगळे निदान दाढी करायला तरी शिकतात. आमचे आजेसासरे काही विलायतेला गेले नव्हते, अडत दुकानाच्या कामाला मुंबईला जात, तिथूनच त्यांनी हा वस्तरा आणला असावा.

याच वस्तऱ्याची दुसरी बाजू आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातल्या बायकांनी भोगली. ज्या जातींत विधवेचं केशवपन होई, तिथे न्हाव्याला बोलावून कोवळ्या मुलींच्या डोक्यावर वस्तरा फिरवत. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींची सभा भरली, आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. त्यात त्यांचं उत्पन्न बुडणार होतं. शिकल्यासवरल्या मंडळींचा अजून वादच चालू होता, तेव्हा धोकटीवाल्यांनी हे केलं. हा प्रसंग शाळेच्या पुस्तकात मी कधी वाचला नाही.

आणि आपल्या मुनी-आर्यिकांकडे तर वस्तरा नसतोच. मुनींच्या २८ मूलगुणांत केशलोच आहे. दोन ते चार महिन्यांनी, हाताने, उपवास करून. मी बाहुबली-कुंभोजला पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं, महाराज मात्र शांतपणे चिमटीला राख लावून केस उपटत होते. लहानपणी मला वाटे की हे फक्त सहनशक्तीसाठी. पण कारणं अगदी व्यवहारी आहेत. वस्तरा ठेवला तर तो परिग्रह. न्हावी बोलावला तर परावलंबन आणि पैशाचा संबंध. केस वाढू दिले तर त्यात जीव होणार आणि त्यांची हिंसा. सगळ्या वाटा बंद केल्यावर उरतो तो स्वतःचा हात. एका वस्तऱ्याच्या मागे काय काय येतं हे त्या शास्त्रकारांनी बसून मोजलं होतं, असं आता मला वाटतं.

संसारी माणसाला तसं करता येत नाही, पण आजेसासऱ्यांनी जमेल तेवढं केलं असावं. वस्तऱ्याची धार रोज चामड्याच्या पट्ट्यावर परजावी लागते. ट्रंकेत पट्टा नव्हता. मामंजी सांगायचे की त्यांचे वडील पातं तळहातावर फिरवून घेत आणि लहान मुलांना ते बघायची भीती वाटे. चामडं उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, हा घराचा नियम. पट्टा नसल्याचं कारण तेच असणार. साबणातही तेव्हा चरबी असे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस गोदरेजांनी वनस्पती तेलाचा साबण काढला, तेव्हा आपल्या लोकांची मोठी सोय झाली.

मग हे सगळं संपलं कसं? अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांनी पातळ पत्र्याचं, धार गेली की फेकायचं ब्लेड काढलं. १९०३ साली पहिल्यांदा विकायला ठेवलं तर वर्षभरात गेले ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. दुसऱ्या वर्षी नव्वद हजारांवर रेझर गेले. मी कॉमर्सची, मला तो १६८चा आकडाच महत्त्वाचा वाटतो, कारण रेझर एकदा घ्यायचा आणि ब्लेड जन्मभर. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैनिकांना सरकारनेच असे रेझर वाटले आणि ती सवय घेऊन ते घरी परतले. आपल्याकडे सलूनमध्ये जुना वस्तरा बराच टिकला. एड्सची भीती पसरल्यावर मात्र तोही गेला, आणि अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा आला.

आता आमच्या वस्तऱ्याचं शेवटचं. पातं बरंचसं उजळलं, पण एक गोष्ट खटकत होती. सगळ्यात वाईट गंज नेमका तिथे होता, जिथे पातं मिटल्यावर मुठीच्या आत राहतं. उघड्या राहणाऱ्या पाठीला फारसं काही नाही. पितळी खिळेही हिरवे पडलेले. सेल्युलॉइड म्हातारं झालं की स्वतःच कुजायला लागतं आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते, ती आतल्या आत पोलाद खात जाते. मुठीच्या एका टोकाला बारीक तडेही गेले होते. म्हणजे साफ करून पुन्हा मिटून ठेवला, तर चार-पाच वर्षांत पुन्हा तेच. तेल लावूनही उपयोग थोडाच. दोघांना वेगळं करणं, एवढाच खरा उपाय.

यजमानांचा जीव होईना. शेवटी गावातल्या एका जुन्या घड्याळजींकडे नेला. त्यांनी खिळ्याचं एक डोकं बारीक कानशीने घासून खिळा अलगद बाहेर ढकलला. दहा मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत, पण पातं उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिले.

आता पात्याला तेलाचा हात देऊन ते मेणकागदात गुंडाळून यजमानांच्या कपाटात वर ठेवलंय, नातवंडांचा हात पोचणार नाही असं. मूठ वेगळी, साध्या कागदी पाकिटात, हवा लागेल अशी, गॅसपासून लांब. प्लॅस्टिकच्या डब्यात बंद केली तर लवकर कुजते. दोन्ही पाकिटांवर मी तारीख घातली आहे. जाऊबाईंनी काल येऊन मुठीच्या पाकिटाचा वास घेतला. म्हणाल्या, अजून कापूर येतोय.